फोनमधल्या बाई

आमच्या शाळेतल्या बाई भर दुपारी गोधडीत शिरून शिकवत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्या घरासमोरून न्हावा शेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर दिवसभर धडधडत असत. खिडक्या लावल्या तरी मांडणीतली भांडी वाजायची. मग बाई जाड गोधडी डोक्यावरून घेत, आत फोन तोंडाशी धरत आणि धडा सांगायला लागत. दहा मिनिटांनी बाहेर येत तेव्हा केस कपाळाला चिकटलेले असत आणि चष्म्यावर वाफ. चष्मा पुसून त्या सगळं पहिल्यापासून ऐकत. मध्येच कुठे हॉर्न ऐकू आला, की एक शब्द न बोलता पुन्हा गोधडीत. एका धड्यात कधीकधी अख्खी दुपार जाई.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची, करंजाडे ओलांडून खाडीच्या अंगाला. एका बाजूला नवे टॉवर उठत होते आणि दुसऱ्या बाजूला जुन्या मिठागरांचा नुसता चिखल उरला होता. मी माणदेशातून नोकरीला आले ती थेट इथे. मला पोरांची बोली कळेना आणि पोरांना माझी. बाई त्याच खाडीकाठच्या. त्यांचा बाप मिठागरात कामाला होता. लग्न केलेलं नव्हतं. घरात म्हातारी आई आणि त्या, दोघीच. त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. अख्ख्या गावाच्या त्या ‘बाई’ होत्या. त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

आमच्या तालुक्यात पहिलीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सगळ्यात आधी कुणी फोन लावून बघितला असेल, तर बाईंनी. माझा कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, म्हणून गुरुजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, मला त्यांच्या मदतीला दिलं होतं. पण मी जाईपर्यंत त्यांनी सगळे कोड उघडून, सगळे व्हिडिओ बघून, वहीत नोंदी केलेल्या. मी विचारलं, “कसे आहेत हो बाई?” त्या म्हणाल्या, “चांगले हायेत. बोलनारी मॅडम पन चांगली हाय. पन ती आपल्या पोरांना वलखत नाय.”

मग त्यांनी आपले धडे स्वतः करायला घेतले. त्यांची एक पद्धत होती. आधी फोनवर आवाज पकडून आणायचा. उधाणाचं पाणी बांधाला लागतं तो, कोळणीची हाक, ट्रेलरचा ब्रेक, परातीत भाकरी थापटल्याचा. वर्गात तो आवाज लावायचा आणि विचारायचं, हे काय? पोरं ओरडत, “पानी!” मग बाई म्हणत, “बरोबर. घरी पानी. पुस्तकात लिवताना पाणी. दोन्ही आपलीच. आता सांगा, सुरुवातीला काय ऐकलं?” पोरं म्हणत, “पा!” आणि मग ‘पा’ फळ्यावर येई. अक्षर आधी कानात आणि मग डोळ्यात, हे मला डीएडच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बाईंचा आवाज काही गोड नव्हता. किंचित घोगरा, सावकाश, पण त्या बोलायला लागल्या की मागच्या बाकावरचं पोरसुद्धा चुळबुळायचं थांबे.

शाळा बंद झाल्या त्या वर्षी आमच्या बहुतेक पोरांच्या घरी एकच फोन, आणि तो बापाबरोबर कामावर. तन्वी नावाच्या मुलीचा बाप ट्रेलर चालवायचा. सगळं बंद होतं तेव्हाही बंदर चालू होतं, त्यामुळे तो चार-चार दिवस घरी येत नसे. बाई त्याच्या फोनवर रोज धडा पाठवत आणि घरी आल्यावर पोरीला ऐकवा म्हणून बजावत. एकदा त्याचाच फोन आला. आम्ही दोघी शाळेत तांदूळ वाटत होतो, म्हणून बाईंनी स्पीकर लावला. तो म्हणाला, “बाई, गेटच्या लायनीत उभा हाय. तुमचा धडा लावला तर बाजूचे पन उतरून आले. आता आमी सगळे बाराखडी म्हनतोय.” मागे पुरुषांचं हसू ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, “म्हना, म्हना. पन तन्वीच्या आधी नका शिकू, ती रुसेल.” त्या दिवशी त्या किती खुशीत होत्या! नंतर मी त्यांना इतकं खुशीत पाहिल्याचं आठवत नाही.

पुढे हे धडे वरच्या कार्यालयात पाठवावेत, म्हणजे इतर शाळांनाही मिळतील, असं मीच सुचवलं. प्रत्येक धड्याला नीट नाव देऊन, ओळीनं लावून मी ते पाठवले. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: उच्चार प्रमाण नसल्याने साहित्य स्वीकारता येत नाही. बाईंनी ते माझ्या फोनवर वाचलं. मग फोन परत देत म्हणाल्या, “माजं काय चुकलं ते मना म्हाईत हाय. पोरांचं काय चुकलं?” ते पाठवायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

शाळा पुन्हा भरली तेव्हा बाईंचा आवाज बसलेला होता. आम्हाला वाटलं, इतकी वर्षं बोलतात, बसणारच. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झाला, गरम पाणी झालं. सहा-सात महिने गेले. आवाज कापडातून गाळल्यासारखा झाला तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढत नेरुळला एका डॉक्टरांकडे नेलं. तिथून मोठ्या इस्पितळात. घशातल्या स्वरयंत्राला कॅन्सर होता आणि ते काढून टाकण्यावाचून उपाय नव्हता. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं: जीव वाचेल अशी आशा आहे, पण आवाज राहणार नाही. बाहेर रिक्षाची वाट बघताना बाईंनी विचारलं, “किती दिवस हायेत?” मी म्हटलं, “अहो, असं काय बोलता? ऑपरेशननंतर—” तर म्हणाल्या, “ऑपरेशनला किती दिवस हायेत?”

दोन आठवडे होते. त्या दोन आठवड्यांत बाईंनी धडे केले नाहीत, धडे होतेच. त्यांनी लहान लहान वाक्यं केली. ‘शाब्बास.’ ‘इकडे बघ.’ ‘परत वाच, घाई नको.’ ‘कोन रडतंय?’ ‘पाणी पिऊन ये.’ ‘डबा खाल्ला का?’ दिवसभरात आपण पोरांशी काय काय बोलतो हे त्यांनी वहीत लिहून काढलं होतं आणि एकेक वाक्य त्या फोनमध्ये साठवत होत्या. आवाज फाटत होता. पाण्याचा घोट घेऊन त्या पुन्हा म्हणत. शेवटी हजेरी घेतली, वर्गातल्या पोरांची आणि अंगणवाडीतून जूनमध्ये येणार होती त्यांचीही, प्रत्येक नाव वेगवेगळं. सगळ्याची एक प्रत माझ्या फोनमध्ये ठेवायची आणि बटणं करायची, एवढंच माझं काम होतं: एका चौकोनावर बोट ठेवलं की एक वाक्य. मी ती करत होते आणि डोळे पुसत होते. बाई म्हणाल्या, “रडू नको गं, मागं आवाज येतो.”

ऑपरेशन झालं. जून उजाडला आणि बाई गळ्याच्या छिद्रावर पातळ रुमाल बांधून शाळेत हजर झाल्या. इस्पितळातून गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं होतं, पण त्यातून निघणारा घरघरता आवाज ऐकून पहिलीची दोन पोरं भोकाड पसरून रडली. तेव्हा त्यांनी ते पिशवीत ठेवलं ते ठेवलंच. कमरेला छोटा स्पीकर, हातात फोन. जुनी पोरं चटकन सरावली. बाईंनी बोट ठेवलं, स्पीकर ‘शाब्बास’ म्हणाला, की ती बाईंकडे बघून हसत. माझ्याशी बोलायला बाई पाटी वापरत. लिहायच्या, पुसायच्या. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, पण आता ते घाईनं तिरपं होऊ लागलं.

पहिलीच्या नव्या पोरांनी मात्र बाईंना बोलताना कधी पाहिलंच नव्हतं. ऑगस्टमध्ये एक दिवस मी वर्गाच्या दारात उभी होते. बाई एकाची वही तपासत होत्या. एका मुलीनं माझा पदर ओढला आणि विचारलं, “मॅडम, त्या बाई कवा येनार?”

“कुठल्या बाई?”

“फोनमधल्या. आमाला शिकवतात त्या.” मग तिनं बाईंकडे बोट केलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “ह्या नाय. ह्या मुक्या हायेत.”

बाईंना ऐकायला येत होतं. वहीवरचा त्यांचा हात थांबला. मग त्यांनी खाली सही केली, वही मिटली आणि पुढची घेतली.

त्याच सुमारास फूलमती आली. टॉवरच्या कामावर आलेल्या बिहारी कुटुंबातली, सहा वर्षांची, मराठीचा एक शब्द न येणारी. तिचं नाव फोनमध्ये नव्हतं. हजेरी होई, सगळी नावं येत, आणि ती पुढे बघत बसून राही. मी इंटरनेटवर टाईप केलेलं वाचून दाखवणारं एक साधन शोधलं आणि तिचं नाव त्यात घातलं. ‘फूल. मती.’ रेल्वे स्टेशनावरच्या घोषणेसारखा यांत्रिक आवाज आला आणि वर्ग खो खो हसला. फूलमतीनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी हजेरीचा चौकोन उघडलाच नाही. त्या रांगेतून फिरत, एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवत आणि हात ठेवला की पोरानं आपलं नाव आपणच सांगायचं. फूलमती पहिल्या दिवशी पुटपुटली. आठवड्याभरानं इतक्या मोठ्यानं ओरडली, की शेजारच्या खोलीतून गुरुजी बघायला आले.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी आपल्या फोनमधलं सगळं पुसलं आणि मला पाटीवर लिहून दाखवलं: ‘तुझ्याकडचंही पुसून टाक. धडेपण.’ मी म्हटलं, “अहो, किती खपलात त्यासाठी!” त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं: ‘पोरं माझ्याकडे बघत नाहीत. स्पीकरकडे बघतात.’ मग त्याखाली आणखी एक ओळ: ‘मी नसताना मी बोलायला नको.’ तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. दुखणं परत आल्याचं त्यांना आदल्या आठवड्यात समजलं होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी पुसते म्हणाले. शब्द दिला. त्यांनी माझ्या फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दप्तराची पिशवी उचलली.

सुट्टीनंतर त्या शाळेत आल्या नाहीत. मी दर रविवारी जात असे. शेवटी शेवटी पाटी उचलायचीही ताकद नव्हती. मीच बोलत बसे: फूलमती आता जोडाक्षरं वाचते, तन्वी दुसऱ्या शाळेत गेली, गुरुजींची बदली होणार म्हणतात. त्या डोळे मिटून ऐकत. होळीच्या आधी त्या गेल्या.

मी पुसलं नव्हतं. पालकांच्या फोनांतले धडे जागा करताना कधीच उडाले होते, आता ते फक्त माझ्याकडे होते. आज पुसू, उद्या पुसू म्हणत राहिले. शोकसभेत गुरुजींनी त्यांचा एखादा धडा लावायला सांगितला, तेव्हा मी फोन बिघडलाय असं खोटं सांगितलं. गावातल्या बायका माझ्याकडे रागानं बघत होत्या. मला पोरांकडे बघवत नव्हतं.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. म्हातारी एकटीच पलंगाच्या कडेला बसली होती. बसायला सांगून ती म्हणाली, “तिचा आवाज हाय म्हनं तुज्याकडं.”

मला खोटं बोलता येईना. मी सगळं सांगितलं. बाईंनी काय लिहिलं होतं तेही. ती म्हणाली, “एकडाव ऐकव.”

मी चिंबोरीचा, म्हणजे खाडीतल्या खेकड्याचा, धडा लावला. चिंबोरी वाट चुकते आणि ‘च’ तिला घरी नेतो, असा काहीतरी होता. म्हातारीनं कान फोनला लावला. बाई सांगत होत्या, “बाळा, घाबरू नको. चुकलं तर चुकू दे. मी हाय ना हितं. परत म्हन.” धडा संपला तरी ती तशीच बसली होती.

“बाला कुनाला म्हनते ती?”

“पोरांना, आजी.”

“माज्याशी कवा अशी नाय बोलली,” ती म्हणाली. मग फोनपासून कान काढत, “मी तरी कुटं बोलले तिच्याशी. बाप मेला तवापासून दोघी नुसत्या कामालाच.”

बाहेरून एक ट्रेलर गेला. मी विचारलं, “आणखी लावू? पुष्कळ आहेत.” तिनं मान हलवली.

“नको. तिनं पुसायला सांगितलंय ना? मग पूस. माज्यासमोर पूस.”

मी सगळे धडे निवडले, ती लहान लहान वाक्यं, हजेरी. फोननं नेहमीप्रमाणे विचारलं, नक्की पुसायचं का. माझं बोट थांबलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. ती पडद्याकडे वाकून बघत होती.

“काय इचारतंय ते?”

“पुसू का, म्हणून विचारतंय.”

“मग सांग त्याला,” ती म्हणाली आणि तिनं माझा दुसरा हात घट्ट धरला.

मी सांगितलं.