पुढची ओळ वाचताना

नव्वदच्या दशकात, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात, पॉवर प्रेसखाली माझ्या यजमानांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. आठवडाभर ते प्रेसवर असत आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. टाके निघायच्या आधीच पाळकसाहेब घरी आले. "उपासनेला आता कोण वाजवणार?" त्यांनी चाचरत विचारलं. माझ्याकडे न बघताच हे म्हणाले, "ही वाजवेल."

मला पेटी येत होती, पण ऐकून. पिंपळगावला माहेरी भजनं वाजवायचे तेवढीच. नोटेशनच्या त्या पाच रेघा आणि त्यांच्यावरचे काळे ठिपके मला कळत नव्हते. हे म्हणाले, "ऐकून भागणार नाही. मयताला घरचे लोक आयत्या वेळी गाणं सांगतात. पुस्तक उघडलं की वाजवता आलं पाहिजे."

दुपारी चर्च रिकामं असे. मी ऑर्गनवर, हे शेजारी स्टुलावर. हळूहळू ठिपके ओळखू यायला लागले, पण मी एकेक वाचायची आणि थांबायची. मग ह्यांनी एक पोस्टकार्ड आणलं. मी जो तुकडा वाजवत असे, नेमका तोच ते कार्डानं झाकत. नजर पुढे न्यावीच लागे. "बोटांकडे बघू नको. चुकलीस तरी थांबू नको." थांबले की डाव्या हाताची थाप ऑर्गनच्या फळीवर बसे. त्यांचा आवाज पूर्वी असा कडू नव्हता.

एकदा मी एकाच जागी सारखी अडखळत होते. "असं," म्हणत त्यांनी सवयीनं उजवा हात पुढे केला. अंगठा आणि करंगळी बरोबर आपापल्या पट्टीवर पडली. मधे काहीच वाजलं नाही. त्यांनी हात खिशात घातला. मी पुस्तक मिटलं आणि आम्ही घरी आलो.

पावसाळ्यात चर्चच्या मंडळीतली कॉलेजला जाणारी एक मुलगी काविळीनं गेली. तिच्या आईनं पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. "हे तिला आवडायचं." ते गाणं मी कधी ऐकलंही नव्हतं. मी सुरुवात केली. नजर पुढे सरकत होती, बोटं मागून येत होती. सगळी कडवी न अडखळता झाली. समोर शवपेटी होती, तिची आई रडत होती, आणि मला आतून आनंद होत होता. त्या आनंदाचं काय करावं ते मला कळेना.

मी वळून पाहिलं तर हे मागच्या बाकावरून उठून बाहेर गेले होते. घरी मी विचारलं, "बरोबर वाजलं ना?"

"बरोबर वाजलं. आता तिथं माझं काम नाही."

"असं काय बोलता?"

ते सायकल पुसायला बाहेर गेले.

कारखान्यानं त्यांना गेटवर वॉचमन म्हणून ठेवून घेतलं होतं. थोड्याच दिवसांत त्यांनी साप्ताहिक सुटी मागून मंगळवारी करून घेतली. पाळकसाहेबांनी समजावलं, मीही समजावलं. रविवारी सकाळी मी डबा भरून द्यायचे, ते सायकलनं अंबडला जायचे आणि मी चर्चला. माझं वाजवणं त्यांनी पुन्हा कधी ऐकलं नाही. घरात गुणगुणायचं मीही सोडून दिलं.