गारव्याची खोली

रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मला बघवत नाही. पाहुणी म्हणून कुणाकडे गेले तरी त्यांच्या घरातले दिवे मालवत सुटते आणि मग बोलणी खाते. सासूबाई म्हणायच्या, हिचं लग्न मीटरशीच लावून द्यायला हवं होतं. विजेची पदविका पदरात घेऊन मी जुन्या जालन्यात नांदायला आले होते, आणि त्या गल्लीत त्या पदविकेचा उपयोग इस्त्रीची वायर जोडण्यापलीकडे कुणाला दिसत नव्हता.

थोरले दीर बांधकामाचे इंजिनिअर. कुणी जुनं घर विकत घेणार असेल तर ते आधी तपासून द्यायचे. भिंतीला तडा आहे का, छत गळतं का, पाया खचलाय का, एवढं बघायचं आणि सांगायचं. नव्वदनंतर कधीतरी मी त्यांच्या मागे लागले, की घर पडणार नाही एवढंच काय सांगता, ते वीज किती खाईल आणि उन्हाळ्यात किती तापेल तेही सांगा ना. ते हसले. जालन्यात हे कोण विचारणार, म्हणाले. पण घरोघर कूलर आले, बिलं वाढली आणि लोक विचारायला लागले. मग मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायला लागले, आणि पुढे एसटीनं एकटीच.

माझ्या पिशवीत टेस्टर, भिंतीला अडकवायचा तापमापक आणि अगरबत्तीचा पुडा असायचा. अगरबत्ती देवासाठी नव्हे. दाराखिडक्यांच्या फटींशी ती धरली की धूर कुठे ओढला जातो ते दिसतं, आणि गार हवा कुठून निसटते, गरम कुठून शिरते याचा पत्ता लागतो. पण लोकांना वाटायचं मी बाधा बघते. एका कापडवाल्याच्या बायकोनं तर माझे पाय धरले होते. तिथं मी चिडले, आणि घरी येऊन पोट धरून हसले.

तीर्थपुरीच्या त्या घरी गेले ते मे महिन्यातल्या भर दुपारी. घर घेणारी बाई तिथल्याच शाळेत शिक्षिका होती. नवरा नोकरीनिमित्त लांब, आणि पदरात नुकतं रांगायला लागलेलं बाळ. दोघं मायलेकरं पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहत होती. त्या पत्र्याखाली बाळाला तापावर ताप येत होता, एकदा आकडीही येऊन गेली होती. पोराला गार जागी ठेवा, नाहीतर मी काही करू शकणार नाही, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. "म्याडम, घर देखणं नसलं तरी चालंल," ती मला स्टँडपासून चालता चालता म्हणाली. "हा उन्हाळा ह्याचा निभला पाहिजे, बस." बाळ तिच्या खांद्यावर किरकिरत होतं. कपाळभर घामोळं आलं होतं.

घर विकणारे काका साठीच्या पुढचे, एकटे. मुलाकडे शहरात कायमचे जायला निघाले होते. पुढे ओसरी, त्यामागे स्लॅबच्या दोन खोल्या, आणि सगळ्यात मागे जुन्या मातीच्या भिंतींची एक खोली. काकांनी ती खोली लांबूनच बोटानं दाखवली. "तुम्हीच बघून घ्या," म्हणाले आणि ओसरीवर टेकले.

स्लॅबखालच्या खोल्या अपेक्षेप्रमाणे भट्टी झाल्या होत्या. भिंतीवर हात ठेववत नव्हता. मागच्या खोलीला मात्र गुडघ्याएवढा उंच उंबरठा होता आणि तो ओलांडून खाली उतरावं लागायचं. उतरले आणि बोलायचं विसरले. गारवा पायांकडून वर येत होता, विहिरीच्या पायऱ्या उतरताना येतो तसा. खिडकी एकच, छताजवळ, तीही लिंपून बंद केलेली. तापमापक अडकवला तर पारा बघता बघता खाली उतरला. एवढं बाहेर ऊन असताना, कूलर नाही, पंखा नाही, विजेचा खर्च नाही, आणि ही खोली गार. माझ्यासारखीला याहून काय हवं?

पण एक गोष्ट तिथं मला खटकली. जमिनीवर काहीच नव्हतं. पेट्या, गाठोडी, रिकामे डबे, सगळं एका उंच बाजेवर नाहीतर भिंतीतल्या फळ्यांवर चढवलेलं. दिव्याचा कोनाडाही माझ्या डोक्याच्या उंचीला होता, काजळीनं काळाभोर झालेला. घरातलं मांजर उंबरठ्यावर बसून आत बघत होतं. त्या उन्हात मांजरानं गारव्याला पहिली धाव घ्यायला हवी होती. ते बसून राहिलं, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले.

शिक्षिकाबाईंचं तसं काही झालं नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता रडतात. पिशवीतली गोधडी काढून त्यांनी कोपऱ्यात अंथरली आणि बाळाला निजवलं. सकाळपासून किरकिरणारं पोर पाठ टेकताच गप्प झालं. "बघा ना," त्या कुजबुजल्या, "कसं झोपलं." मग त्या मोरी आणि आड बघायला परसात गेल्या, आणि मी माझ्या कामाला ओसरीवर आले.

माझी एक ठरलेली पद्धत होती. घरातलं प्रत्येक बटण बंद करायचं आणि मीटरची चकती बघायची. काही चालू नसेल तर ती थांबली पाहिजे. त्या घरात ती थांबली नाही. हळूहळू, पाय ओढत चालल्यासारखी ती फिरत होती. घरात कुठे काही लागलेलं नाही, सगळं निपचित, ओसरीवर माशीचासुद्धा आवाज नाही, आणि चकती फिरतेय. मी काकांना विचारलं, आत काही चालू आहे का? ते म्हणाले, "न्हाई. पर ते फिरतंच. आम्ही न्हाई बघत तिकडं."

ते ज्या सुरात म्हणाले तो मला आवडला नाही. मी एकेक फ्यूज काढून बघायला लागले. पुढच्या खोल्यांचे काढले, चकती फिरतच होती. मागच्या खोलीचा काढला आणि ती थांबली. याचा अर्थ सरळ होता. त्या खोलीच्या भिंतीत कुठेतरी ओल होती आणि वायरीतली वीज त्या ओलीत मुरत होती. ओल कुठल्या फटीतून येते ते शोधायला मी अगरबत्ती पेटवली आणि परत मागे गेले.

बाळ निजलेलंच होतं. त्याची झोप मोडू नये म्हणून मी पाय न वाजवता उतरले. खिडकीपाशी धूर सरळ वर गेला, म्हणजे तिथं फट नव्हती. भिंतीच्या मधोमध धरली, तिथंही काही नाही. मग जमिनीजवळ भिंतीला पोपडे सुटले होते तिथं मी वाकले. धूर वर जायचा थांबला. तो आडवा पसरला, सायीसारखा, माझ्या गुडघ्यांच्या उंचीला, आणि तसाच राहिला. त्या सायीखाली अगरबत्ती नेली तर तिचं टोक लाल होतं ते काळं पडलं. मला वाटलं अगरबत्ती दमट असेल. काडी ओढली. वर ती भडकली. खाली नेली आणि विझली, कुणी चिमटीत धरल्यासारखी. दुसरीही तशीच. डोकं जड झालं होतं आणि कानात घूं असा आवाज भरला होता. मी भुताखेतांची टिंगल करणारी बाई, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला हे मी कबूल करते. माझ्या हाताखाली काहीतरी होतं आणि ते उजेड ठेवत नव्हतं.

"खाली नका धरू," मागून आवाज आला. काका उंबरठ्याबाहेर उभे होते. "तिथं न्हाई राहत दिवा. कधीच न्हाई. आम्ही वरच ठिवतो, दिवाळीला बी." ते अगदी शांतपणे सांगत होते. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली आणि आवाज पार बदलला. "लेकरू खाली कुनी ठिवलं?"

मला कळायला तेवढंच पुरलं. मी बाळाला गोधडीसकट उचललं. त्याची मान लुळी पडली. ओठ जांभळट झाले होते. उंबरठ्यावरून मी जवळजवळ पडतच बाहेर आले आणि परसातल्या लिंबाखाली त्याला उघडं केलं. पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. त्याची आई आडापासून धावत आली आणि माझ्यासमोर बसली. आडावरची घागर तिच्या हातात तशीच होती. तो वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. मग बाळानं एक उचकी दिली, दूध ओकलं आणि रडायला लागलं. आयुष्यात मला कुठल्या पोराचं रडणं इतकं गोड लागलेलं नाही. बाई त्याला छातीशी धरून तशाच अनवाणी दवाखान्यात गेल्या. पुढे निरोप आला, की पोर ठीक आहे.

मी ओसरीवर बसले. काकांना विचारलं, त्या खोलीखाली काय आहे?

"पेव हाय," ते म्हणाले. "ज्वारीचं. आज्याच्या वक्तातलं. तोंड बुजवून वर खोली काढली."

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं खोल भुयार. आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं, की बंद पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आत हवा खराब झालेली असते. आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. तीच हवा भिंतीच्या पोपड्यांमधून वर येत होती. मोरीचं पाणी भुयारात मुरून आत कुजत असणार. ती हवा जड, म्हणून खोलगट जागेत उंच उंबरठ्याआड साचून राहायची. बाजेवरच्या माणसाला कळायचंही नाही. मी हे सगळं काकांना समजावून सांगितलं, जरा जास्तच उत्साहानं. रहस्य उलगडलं की मला बडबड सुचते. त्यांचं तोंड मी बघत नव्हते.

"म्हंजी नुसती हवा," ते म्हणाले.

"नुसती हवा."

"माझ्या दोन बहिनी गेल्या त्या खोलीत," ते म्हणाले. "धाकल्या. आई त्यायला गारव्याला निजवून शेतात गेल्ती. एक एका उन्हाळ्यात, दुसरी पुढच्या. झोपेतच. मंग लोकं बोलाया लागले, आईच खाती. तिनं ठिवला दिवा बी विझतो. आत्यानं पहिल्यांदा म्हनलं. मंग मामा आला आन आईला शहागडला घिऊन गेला. मला न्हाई जाऊ दिलं. मी लहान व्हतो. पुढं मोठा झालो तरी गेलो न्हाई, म्याडम. मी बी तसंच समजून राह्यलो. मेली तवा बी न्हाई गेलो."

पेवात दिवा विझला तर हवा वाईट, आणि पेवावरच्या खोलीत दिवा विझला तर बाई वाईट. एका घरातल्या शहाण्या माणसांनी पन्नास वर्षं या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या आणि कुणी जोडल्या नाहीत. मला संताप आला, इतका की त्या म्हाताऱ्यावरही आला. पण त्याच्याकडे बघितलं आणि तो टिकला नाही.

"आत्या हाय अजून," ते उठत म्हणाले. "चुलत भावाकडं, पलीकडच्या आळीला. तुम्ही तिला सांगता का? मला सांगितलं तसं, बराबर. माझं न्हाई ऐकायची ती."

मी गेले. आत्या बाजेवर मुटकुळं करून पडल्या होत्या, वय किती कुणास ठाऊक. ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. मी त्यांच्या कानाशी बसून सगळं सांगितलं, पेव, हवा, अगरबत्ती, आजचं बाळ. त्या नुसता पदर चाचपत होत्या. मला वाटलं, काही पोचलं नसावं. मग त्यांनी भाच्याचा हात शोधून धरला.

"म्हंजी तिनं न्हाई खाल्ल्या," त्या म्हणाल्या.

"न्हाई आत्या. तिनं न्हाई," काका म्हणाले.

"मंग जा, जल्दी घिऊन ये तिला. म्हनावं, आत्या बोलवती. ऊन हाय, छत्री ने."

काका आत्यांकडं बघत राहिले. मला वाटलं ते सांगतील, की आईला जाऊन किती वर्षं झाली. ते उठले. कोपऱ्यात टेकवलेली छत्री घेतली.

"आणतो," म्हणाले, आणि उन्हात बाहेर पडले.