मनगट धरून बसणाऱ्या सिस्टर

मॉनिटरवर आकडे पळत असले तरी सिस्टर पेशंटचं मनगट सोडत नसत. "मशीनला घाबरलेला मानूस कळत नाय," असं म्हणत त्या स्टूल ओढून पलंगाला चिकटून बसायच्या. साठी उलटलेली, खाडीकाठच्या शेतकरी घरातली ही बाई सरकारी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झालेली. वसई पूर्वेच्या त्या छोट्या क्लिनिकमध्ये सगळे त्यांना नुसतं सिस्टर म्हणत.

माझ्या नवऱ्याला, सुहासला, दोन वर्षं नैराश्य होतं. तऱ्हेतऱ्हेच्या गोळ्या झाल्या, गुण येईना. शेवटी डॉक्टरांनी केटामाइनचं सलाइन सुचवलं. भूल देण्याचं हे औषध थोड्या मात्रेत दिलं तर काही जणांचं मन सावरतं. पण ते चढतं तेव्हा माणूस भलतीकडेच पोचतो, रक्तदाब वाढतो, म्हणून सतत कुणीतरी जवळ लागतं. एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाकीचं मी मोबाइलवर वाचलं आणि माझी झोप उडाली.

पहिल्याच दिवशी सिस्टरांनी आम्हाला परत पाठवलं. "सकाळपासून काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणाले. त्या सुहासकडेच बघत राहिल्या.

"अर्धं बिस्कीट," तो पुटपुटला.

"मग उद्या या. उलटी श्वासात गेली, तर अर्ध्याच बिस्किटाची म्हनून ती सोडनार नाय."

मी शाळेतून रजा घेऊन आले होते. रिक्षात बसल्यावर रागाने रडले.

दुसऱ्या दिवशी सुई टोचण्याआधी त्या म्हणाल्या, "भाऊ, मधेच भीती वाटली तर मनगट धरलेलं चालेल? खांद्यावर हात ठेवलेला? की कायच नको? आत्ता शुद्धीत आहात तोवर सांगा. औषध चढल्यावर 'चालेल' म्हनालात, तरी मी आत्ताचंच धरनार." सुहास विचार करून म्हणाला, "मनगट चालेल. खांदा नको." त्यांनी ते त्याच्या केसपेपरवर लिहिलं. दोन वर्षांत त्याला काय नको, हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

तिसऱ्या खेपेला आतून त्याचा आवाज आला, "मला खाली सोडा! मी कुठाय?" मी धावत दारात गेले. सिस्टरांनी सलाइन बंद करून शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना हाक मारली होती, आणि आता त्या हळू, एका लयीत बोलत होत्या, "वसईत आहात भाऊ. पंखा फिरतोय. बायको दारात उभी हाय. औषध उतरेल. मी हितंच हाय." डॉक्टर आले. आकडे खाली येईपर्यंत मी दारातून हलले नाही. त्या आठवड्यात मात्र सुहास लेकीबरोबर कॅरम खेळला.

पुढे क्लिनिकच्या मालकाने विरारला दुसरी शाखा काढली आणि तेच डॉक्टर दोन्हीकडे धावू लागले. सहाव्या खेपेच्या दिवशी सकाळी सुहास चहा घेताना म्हणाला, "माझ्याशिवाय तुम्हा दोघींचं बरं चालेल." मी त्याला जवळजवळ ओढतच क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर विरारलाच अडकले होते. मॅनेजर म्हणाला, "सर फोनवर आहेत. सुरू करा."

"फोनवरनं कुनाचा श्वास चालू करता येत नाय. डॉक्टर आले की सुरू."

मी आधी हात जोडले, मग ओरडले, "तुमच्या नियमापायी माझा माणूस जाईल!" त्या हलल्या नाहीत. मॅनेजरने पुढे केलेल्या तक्रारवहीत मी लिहिलं, 'सिस्टर उपचार द्यायला नकार देतात.' खाली सही केली.

तेवढ्यात त्यांचा आवाज कानावर आला. त्या सुहाससमोर बसून विचारत होत्या, "भाऊ, जीव द्यायचा विचार येतोय का?"

त्या विचाराच्या धास्तीने मी घरातल्या खिडक्यांना कुलपं लावली होती, पण तो शब्द तोंडाबाहेर काढला नव्हता.

"रोज," सुहास म्हणाला.

सिस्टर जागच्या उठल्या नाहीत. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखल करायला सांगितलं. रिक्षात सुहास मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या. वॉर्डात त्याला खाट मिळेपर्यंत त्या थांबल्या. जाताना त्यांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

बारा दिवसांनी सुहास घरी आला. त्याचे उपचाराचे कागद घ्यायला मी क्लिनिकमध्ये गेले, तर स्टुलावर दुसरीच मुलगी मोबाइल बघत बसलेली. मॅनेजर म्हणाला, "सिस्टरना काढलं. तुमचीच लेखी तक्रार होती ना?"

पत्ता शोधत मी त्यांच्या घरी गेले. ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. "सिस्टर, मी जे लिहिलं..."

"त्यात खोटं काय होतं? नायच म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "भाऊ झोपतात का?"

त्यांनी मला बसवून घेतलं आणि पुढे कुठेही उपचाराला गेलं तर काय काय विचारायचं, ते सांगितलं. डॉक्टर पूर्ण वेळ जागेवर असतात का? ऑक्सिजन कुठे ठेवलाय? जवळ कोण बसणार? घरी सोडायचं कधी, ते कोण ठरवणार?

महिन्याभराने आम्ही त्याच सलाइनसाठी नव्या क्लिनिकमध्ये गेलो. मी सिस्टरांचे प्रश्न एकेक करून विचारू लागले. चौथ्या प्रश्नाला काउंटरवरची मुलगी वैतागली. "मॅडम, इतकं कुणी विचारत नाही."

"ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना?" मी विचारलं. "मला बघायचाय."