जाळ्याच्या दोऱ्याची हुकं

…आणि तिथेच जगन शिंप्याने घोळ केला, इथवर काल आलो होतो. लग्नसराईत घराघराचा गठ्ठा बांधायचा, ही जगनची जासईतली जुनी पद्धत. कापड कुणाचं ते बघायचं नाही, घर बघायचं. कोमलच्या हळदीसाठी तिच्या मैतरांनी एकसारखं मोरपंखी कापड घेतलेलं. बायांना साडी-ब्लाउज, बाप्यांना सदरा. यादीत प्रितमच्या नावापुढे मात्र सदराही होता नि ब्लाउजही. साडी कोमलकडेच होती, ब्लाउज नवीन पनवेलमधल्या तिच्या पार्लरवर द्यायचा, असं तिने दहादा बजावलेलं. जगनने दोन्ही नेऊन ठेवलं आनंदाच्या ओटीवर, वर प्रितमच्या नावाची चिठ्ठी.

आनंदा म्हणजे प्रितमचा बाप. उभा जन्म खाडीत जाळं टाकण्यात गेला. आता खाडीच्या जागी कंटेनरचे डोंगर, तरी माणूस ओटीवर जुनं जाळं शिवत बसतो.

प्रितम कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर. ट्रकचं वजन क्षणात सांगता येई, पण स्वतःचं एक काही ठरवून सांगता येत नसे. कधी आठवडाभर आपण पुरुष, कधी सकाळी उठल्यापासून बाई, कधी दोन्ही. शाळेत असताना हे दोघांनाच कळलं, कोमलला आणि हितेशला. दोघांनी त्याची चर्चा केली नाही, सोय केली. कोमलने पार्लरच्या कपाटात एक खण रिकामा करून दिला. हितेश कामावर सोडायला रोज मोटरसायकल घेऊन येई आणि चाकात हवा आहे का विचारावं तसं विचारी, "आज दादूस का बाय?" मिळेल त्या उत्तराप्रमाणे दिवसभर हाक मारी. बायचा दिवस असला की संध्याकाळी प्रितम पार्लरवर साडी नेसे, तिघं पाणीपुरी खायला निघत, जासईला परतताना पुन्हा पँट-शर्ट. घरी कुणाला पत्ता नव्हता.

आणि आता तो ब्लाउज ओटीवर! आनंदाने गठ्ठा सोडला, ब्लाउज उलटसुलट करून बघितला आणि आत नेऊन ठेवला. दोन दिवस बाप बोलला नाही. आई गोदूबाई दोघांना वेगवेगळं जेवायला वाढी. शेवटी प्रितमने कोमलला कळवलं, हळदीला येणं काही जमायचं नाही.

हळदीच्या दिवशी कोमल पाटावर बसली आणि अडून राहिली. प्रितम आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही. मामी-मावश्या समजावून थकल्या. मग हितेश निघाला तो थेट आनंदाच्या ओटीवर. प्रितमचा कान दाराआड.

आनंदाने जाळ्यातून मान वर केली नाही. कधीपासून ठाऊक आहे, एवढंच विचारलं.

"आठवीत व्हतो तवापासून, काका. रोज सकाली इचारतो, नि कामाला लागतो."

"नि हाकेत चुकला तं?"

"चुकलो तं त्या दिसाचा चहा माजा."

आनंदा पहिल्यांदा हसला, पण ओठातल्या ओठात. मग म्हणाला, पोराने बापाला कधी विचारू दिलं नाही, त्याचं वाईट वाटलं. आत जाऊन त्याने दोन्ही कपडे आणले आणि दाराआडच्या प्रितमला बाहेर बोलावलं. ब्लाउज उलटा करून दाखवला. जगनने हुकं कच्ची टाचली होती, नाचताना पटापट सुटली असती. आनंदाने दोन रात्री बसून सगळी जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने पक्की केली होती, तीही मासा निसटू नये तशी गाठ मारून.

गोदूबाई पदराने डोळे पुसत चौकटीत उभी. हितेशने गाडी चालू केली. आनंदाने एका हातात सदरा धरला, एका हातात ब्लाउज, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, आज दादूस का बाय?

प्रितमने ब्लाउज घेतला आणि म्हटलं, "आज बाय, आबा. पन हलदीला येताना सदरा तुमच्या पिशवीत घ्या, रातभर नाचाचं हाय. मदीच दादूस झालो तं तो घ्याला परत घरी कोन येल?"