दाजींचा दुसरा आवाज

घोषणा करण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी एकच पाहिला : आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक आहेत आणि ते पद घरीही सोडत नाहीत. पानं वाढली की "आमटी-भात घेऊन येणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे" असं बाहेरच्या खोलीतून ऐकू येतं. अक्का रुसली की तीच गाडी तांत्रिक कारणामुळे उशिरा धावते. माझ्या लग्नात हार घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी माइकवरून मला सूचना दिली होती : प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं.

गेल्या वर्षी या आवाजाला काहीतरी झालं. सकाळच्या घोषणा खणखणीत असायच्या. दिवस कलला की मुरगूडची गाडी दाजींच्या आवाजात निघायची, पण वाक्य संपेपर्यंत तो नाकात शिरून खोल, ओला, दुसऱ्याच कुणाचा तरी होऊन जायचा. फलाटावरची माणसं मान वर करून कर्ण्याकडे बघत. दाजींची डावी पापणी आपोआप खाली येई. एका कंडक्टरने त्यांना विचारलं, "सायेब, मघाशी तुमच्या खुर्चीत कोण म्हातारं बसलं हुतं?" खुर्चीत दाजीच होते.

घरी तो आवाज पहिल्यांदा त्यांच्या आईने ओळखला. दिवेलागणीला दाजी काही सांगत असताना तो बदलला आणि भाजी निवडणारे तिचे हात थांबले. पदर सावरून ती हळूच म्हणाली, "आलासा व्हय?" तो दाजींच्या वारलेल्या वडिलांचा, बांचा आवाज होता. शेवटच्या आजारात ते असेच नाकात बोलत. बा शाळामास्तर होते. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर गेली होती, आणि बा स्वतः गावोगाव भूत नसतं यावर भाषणं देत. "जलमभर भूत न्हाय म्हणालासा, आन् आता कसं आलासा?" आईने विचारलं. दाजींची जीभ तोवर जड झाली होती. त्यांना एवढंच म्हणता आलं, "व्हय."

त्यानंतर आई रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसू लागली. शेजारणीची सून, गुडघ्याचं दुखणं, पातळ झालेलं दूध, सगळं सांगायची. दाजी मिटत्या पापणीखालून "व्हय" म्हणत. मी एकदा तिथे होतो. दिवा चालू होता, तरी मी माझी खुर्ची दाराजवळ सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी आपल्या नेहमीच्या आवाजात मला म्हणाले, "पावणं, त्यो आवाज माझाच हाय, मला ठावं हाय की. पर जित्तेपणी बानं हिला कधी तोंड उघडू दिलं न्हाय. आता ही बोलत्या, बा ऐकत्यात. तुमचं काय जातंय?"

माझं काही जात नव्हतं. पण एका संध्याकाळी चहा त्यांच्या नाकातून परत आला आणि ठसक्याने ओठ निळे पडले. अक्काने आणि मी त्यांना मज्जातंतूंच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. आईही आली. कानापुढे आणि मनगटावर विजेचे छोटे झटके ओळीने द्यायचे, आणि दर झटक्याला स्नायू तेवढ्याच जोराने उत्तर देतो का ते पडद्यावर पाहायचं, अशी ती तपासणी. दाजी डोळे मिटून निपचित पडले होते आणि त्यांचा अर्धा चेहरा मात्र एका लयीत आकसत होता, आतून कुणी दार वाजवावं तसा. आई उठून उभी राहिली. "त्यांस्नी भाईर काढाया करंट देतायसा व्हय?"

पडद्यावरच्या रेषा सारख्याच उंचीच्या आल्या. "यात काही दोष दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मशनीत कसं दिसतील ते?" आई म्हणाली.

तारा काढताना डॉक्टरबाईंचा हात दाजींच्या गालाला लागला. "अहो, तुम्ही इतके गार कसे?"

दाजींनी दवाखान्याबाहेरच्या सरबतवाल्याकडून बर्फ घेतला होता आणि गालावर, हातावर चोळला होता. बर्फाने पापणी थोडा वेळ उघडी राहते, हे त्यांनी स्टँडवरच शोधून काढलं होतं. त्यांना ज्या आजाराची शंका होती तो गारव्यात लपतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि बर्फ लावायचं कारण विचारलं. दाजी आढ्याकडे बघत म्हणाले, "पास झालो असतो तर बा ऱ्हायलं असतं."

गरम पाण्याच्या पिशव्यांनी त्यांना ऊब दिली आणि पुन्हा झटके दिले. या वेळी रेषा पायरीपायरीने खाली उतरल्या. मज्जातंतू निरोप पाठवतो, पण दिवसभर वापरून थकलेल्या स्नायूला तो पुरता मिळत नाही, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. "म्हंजी घोषणा हुत्या," दाजी म्हणाले, "पर परवाशाला ऐकू येत न्हाय." आई हसली नाही.

गोळ्या सुरू झाल्या. काही दिवसांनी संध्याकाळचा आवाजही सकाळसारखा झाला. मी गेलो तेव्हा आई त्यांच्यासमोर नेहमीच्या जागी बसून होती. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, नाक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "व्हय." आईने त्यांचा हात नाकावरून खाली घेतला. "ऱ्हाऊ दे लेका. तू बरा झालास, ब्येस झालं. माझंच निम्मं सांगायचं ऱ्हायलं."

"मला सांग की."

"तुला? तू मधीच बोलतूस."

दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर अंधार पडला तरी कुणी उठलं नाही. मग आईने एकदा खात्री करून घेतल्यासारखं त्यांच्या दोन्ही उघड्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि दबकत, चाचपडत, गुडघ्याचं सांगायला सुरुवात केली.