उजवं कवाड

आमच्या हाओगोउ गावातल्या बावीस घरांची दारं माझ्या बापाने आणि मी केली. बाप गेल्यावर मी एकट्याने. त्यातलं कुठलंही दार माझ्या पाठीमागे करकरवा, मी घर सांगतो. ही फुशारकी नाही, सुताराच्या कानाला तशी सवयच लागते. म्हणून आता सांगतो त्यावर विश्वास ठेवा. युनकाकूच्या घराचं उजवं कवाड सदतीस वर्षं जागेवर नव्हतं, आणि तरी ते करकरताना मी ऐकलेलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा, तेही भर दुपारी.

युनकाकू म्हणजे माझ्या बापाच्या धाकट्या चुलतभावाची, माओलिनकाकांची बायको. आमची घरं समोरासमोर, मध्ये दहा पावलांची वाट. बाई फटकळ, पण आजारपणात पेज घेऊन पहिली यायची ती हीच. गावात सगळे तिला 'अर्ध्या दाराची' म्हणत. डावीकडे लाकडी कवाड, उजवीकडे गोधडीचा पडदा. हिवाळ्यात वारा सुटला की ती गोधडी आत फुगायची, आणि कोणीतरी काहीतरी जड, आडवं, सांभाळून घरात आणतंय असं वाटायचं. पोरं ती वाट टाळायची. मला टाळता येत नव्हती, माझं घरच तिथे.

या सगळ्याचं मूळ फान.

फान आमच्याकडे आला तेव्हा जनरल-बिनरल काही नव्हता. जपान्यांशी लढणाऱ्या आठव्या सेनेच्या एका ब्रिगेडचा कमांडर, पायात गवताच्या चपला, दूर दक्षिणेतल्या हुनानकडचा, बोलायचा त्यातलं निम्मं आम्हाला कळायचं नाही. राळ्याच्या पेजेत मूठभर मिरच्या घालायचा आणि वर आम्हालाच विचारायचा, तुमच्याकडे जेवणाला चव का नसते? त्याच्या माणसांनी जपान्यांच्या रेल्वेचे रूळ उपटून आणले होते. आमच्या लोहाराने त्यांचे नांगराचे फाळ केले, ते अजून झिजले नाहीत.

त्यांच्या सैन्याचा एक नियम होता. गावात मुक्काम पडला की लोकांची कवाडं उतरवून त्यांवर झोपायचं, आणि सकाळी ज्याचं कवाड त्याच्या चौकटीत परत बसवायचं. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या दारांना बिजागऱ्या नसतात. कवाडाला वर-खाली लाकडी खुंट असतात आणि खालचा खुंट दगडाच्या खळग्यात फिरतो. एका घराचं कवाड दुसऱ्या घरात नीट बसत नाही. पहिल्या आठवड्यातच गावभर दारांची अदलाबदल होऊन भांडणं लागली. शेवटी मी वैतागून प्रत्येक कवाडाच्या वरच्या टोकाला खूण कोरली. काकूच्या दोन्ही कवाडांवर अक्रोडाचं पान.

फान काकूच्या उजव्या कवाडावर वीस दिवस झोपला. सकाळी ते स्वतः बसवायला जायचा आणि रोज चुकायचा.

"वरचा खुंट आधी, कमांडर," माओलिनकाका उंबऱ्यावर बसून सांगायचे. "रूळ उपटता येतात आणि साधं दार लावता येत नाही?"

"आम्हाला उपटायचंच शिकवलंय. बसवायचं लढाई संपल्यावर शिकू."

"तोवर माझ्या चुलीपाशी लांडगे येऊन बसतील," काकू आतून म्हणायची.

गावानेही आपला एक नियम केला होता. जखमी माणसाला न्यायला कवाड गावाबाहेर जाणार असेल, तर घरमालकाने सोबत जायचं, एक कोपरा धरायचा आणि आपलं कवाड परत आणायचं. दोघेजण तसे जाऊन आले होते. त्यातला एक परत आला तो हाताची तीन बोटं घालवून.

त्या वसंतात जपान्यांनी सगळा डोंगर विंचरून काढला. एका सकाळी ओढ्यापाशी फानच्या मांडीत गोळी लागली. त्याला खिंडीपलीकडे न्यायला हवं होतं आणि हातात वेळ नव्हता. तीन सैनिक त्याला उचलून धावत आले ते सरळ माझ्या अंगणात.

"कवाड द्या. लवकर."

आमचं दार त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. मी वीस वर्षांचा, बायकोला सातवा महिना. कवाड ज्याचं तो जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

"समोरचं घ्या," मी म्हणालो. "ते हलकं आहे. मीच केलंय."

सुताराचा शब्द. त्यांनी आमच्या दाराकडे पुन्हा पाहिलंही नाही.

माओलिनकाका गोठ्यातून हात पुसत आले. "दार माझं, एक कोपरा माझा," म्हणाले. उचलताना माझ्याकडे वळून हसले. "देशुन, आल्यावर खालच्या कडेला जरा रंधा मार रे. उंबऱ्याला घासतं." फानचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी तो काकूला म्हणाला, "वहिनी, दार परत येईल. आमचा नियमच आहे."

"दोन्ही परत पाठवा," काकू म्हणाली. "दार आणि दारवाला."

चौघे खिंडीच्या चढाला लागलेले मी पाहिले. मग दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी जपान्यांनी अर्धं गाव जाळलं. काकूचं घर वाचलं, कारण अर्धं दार नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं असावं की इथे कोणीतरी आधीच हात मारून गेलंय. आठवडा गेला, महिना गेला. दोन्हीपैकी काहीच परत आलं नाही.

फान मात्र जगला, आणि नुसता जगला नाही. त्याची बातमी येत राहिली. शरद ऋतूत तो काठी टेकत पुन्हा लढतोय असं कळलं. जपानी हरले, मग आपल्याच देशातल्या राष्ट्रवादी सैन्याशी लढाई जुंपली, आणि फान दक्षिणेकडे सरकत राहिला. कोणी सैनिक गावावरून गेला की काकू त्याला पेज पाजायची आणि विचारायची, "तुमचे फान चालतात की त्यांना उचलून नेतात?"

"चालतात मावशी, थोडे लंगडतात."

"मग दार कोणाकडे आहे?"

सैनिक हसायचे. आम्हीही हसायचो, खोटं कशाला बोलू. फानने यांगत्से नदी ओलांडली तेव्हा गावात ढोल वाजले, आणि काकू म्हणाली, "दार पाण्यात भिजलं असेल, फुगेल आता." फान जनरल झाला, कोरियात गेला, वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. काकूने फोटोत त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे एकेक करून पाहिले. पुढे दहा वर्षं अशी आली की जुन्या सेनापतींनाच शत्रू ठरवलं गेलं, फानचं नाव काढणंसुद्धा धोक्याचं. काकू तेव्हाही चौकात मोठ्याने विचारायची. लोक तिला गप्प करत. ती म्हणायची, "मी कुठे त्याचं विचारते? मी माझ्या दाराचं विचारते."

मी तिला किती वेळा म्हणालो असेन. "काकू, मी करून देतो ना कवाड. दोन दिवसांचं काम."

"त्याला घर कसं ओळखू येणार मग?"

वर्षसणाला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, सगळ्या दारांवर द्वारपाल देवांची चित्रं चिकटतात, भुताखेतांनी आत येऊ नये म्हणून. काकू डावं कवाड उतरवून धुवायची, लख्ख करायची, पण चित्र लावायची नाही. येणारा कोणत्या रूपात येईल ते सांगता येत नाही, म्हणायची. आणि दर महिन्याच्या पहिल्या दिवशी उजवीकडच्या रिकाम्या खळग्यात तेल सोडायची. तरीही ते करकरायचंच. मी रंधा चालवत असायचो आणि समोरून आवाज यायचा, खालची कड उंबऱ्याला घासल्याचा. मान वर केली तर गोधडी स्थिर. मी रंधा खाली ठेवून द्यायचो. बायकोला मी कधी सांगितलं नाही, कारण तिने कारण विचारलं असतं.

काकूला खरी टोचणी होती ती वेगळीच. आमच्याकडे माणूस शेवटच्या घटकेला घरच्या कवाडावर, डोकं वरच्या टोकाला करून निजवतात. तिथून गेला तर तो घरचा पितर. बाहेर, परक्या मातीवर मेला तर भटका, त्याला वेशीच्या आत घेत नाहीत, पितरांच्या पाटीवर त्याचं नाव चढत नाही. वडीलधारी मंडळी तिला म्हणत, "त्याचे कपडे पुरून मोकळी हो, पण पाटीचं काही बोलू नको." काकू कपडे पुरू द्यायची नाही आणि पाटीवरची माओलिनकाकांची मोकळी जागा दुसऱ्या कोणाला देऊ द्यायची नाही. नवरा गेला हे तिला कधीचंच कळलं होतं. तो कुठे निजून गेला, एवढंच तिला हवं होतं.

सदतिसाव्या वर्षी शरदात गावात जीप आली. मागे ट्रक, ट्रकमध्ये लाल रंगाचं, पितळी कड्यांचं नवंकोरं दार. जीपमधून फान उतरला. म्हातारा झाला होता, मांडी ओढत चालत होता. सरकारी माणसांनी मला मापं घ्यायला बोलावलं.

काकूने लाल दाराकडे एकदा पाहिलं. "हे माझं नाही. शाळेला द्या, त्यांचं मोडलंय." मग म्हणाली, "फानदादा, आत या. वरचा खुंट शोधू नका, इकडे नुसती गोधडी आहे."

आत तिघेच होतो. मी बाहेर जायला निघालो तर काकू म्हणाली, "बस. दार तुझंही आहे."

फानने हातातली वाटी खाली ठेवली. "खिंड उतरली की अक्रोडाची राई आहे," तो म्हणाला. "तिथे मशीनगन सुरू झाली. मागचे दोघे जागेवर गेले. माओलिनला पोटात लागली. पण त्याने कोपरा सोडला नाही. मला खाली ठेवलं, मगच बसला. तेवढ्यात आमच्या माणसांनी खेचर आणलं. खेचर एक, जखमी दोन." त्याने दुखऱ्या मांडीवर हात ठेवला. "मी कमांडर होतो, वहिनी."

काकूने वाटी पुन्हा त्याच्याकडे सरकवली.

"त्याला कवाडावर निजवायला सांगितलं. तो जिवंत होता. म्हणाला, मला ठेवताय तर दारही ठेवा, घरी काय तोंड दाखवू. मी म्हणालो, संध्याकाळी परत येतो. येणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. त्यालाही कळलं असावं. मला म्हणाला, या सावकाश. पाच दिवसांनी माणसं पाठवली. त्यांनी त्याला तिथेच, दारासकट पुरलं." त्याने गोधडीकडे पाहिलं. "मी नद्या ओलांडल्या, परदेशात लढलो, पण या चढाला पाय उचलेना. मऊ गादीवर झोपलो तरी पाठीखाली लाकूड लागतं. आणि एक कोपरा जरा वर. कोणीतरी अजून धरल्यासारखा."

"पाच दिवसांनी तो कवाडावरच होता?" काकूने विचारलं.

"हो."

"घसरून मातीवर नव्हता आला?"

"नाही. पानाची खूण होती त्या बाजूला डोकं. माणसांनी नीट पाहून सांगितलं."

"ती वरची बाजू," काकू म्हणाली. "म्हणजे घरीच गेला."

मग ती रडली. सदतीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. फानही रडला, आणि बाहेरच्या सरकारी माणसांना कुठे बघावं ते कळेना.

डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. "देशुन, तू त्या दिवशी हलकं दार दाखवलंस ते बरं केलंस. जड असतं तर चढावर कुठेतरी टाकून दिलं असतं, आणि तो मातीवर गेला असता."

मी दाखवलं हे तिला ठाऊक होतं, याचा मला पत्ताच नव्हता. आता सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो काकू." एवढंच.

त्या संध्याकाळी काकू, पितरांची पाटी असते त्या भावकीच्या देवघरात जाऊन उभी राहिली आणि वडीलधाऱ्यांना म्हणाली, "आमच्याच कवाडावर, डोकं वरच्या बाजूला. आता बोला." ते दोन दिवस बोलत बसले. तिसऱ्या दिवशी माओलिनकाकांचं नाव पाटीवर चढलं. त्यानंतर समोरून आवाज आला नाही. मी ऐकायला थांबायचो, तरी नाही. उजवं कवाड करू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नको. डावं तेवढं माझ्यासाठी नीट ठेव."

पुढच्या हिवाळ्यात, वर्षसणाच्या आठ दिवस आधी, काकूची घटका भरली. मी डावं कवाड उतरवलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझा मुलगा, तोच सातव्या महिन्यातला, आता अडतीस वर्षांचा.

"बाबा, केवढं जड आहे हे," तो म्हणाला.

जड असणारच. आमचं दार आणि काकूचं दार बापाने तोडलेल्या वावळीच्या एकाच झाडाचं. चारही कवाडं मीच रंधली, एका मापाची, एका जाडीची. सुतार आपल्या दाराचं वजन विसरत नाही. मी ते अडतीस वर्षं विसरून दाखवलं होतं.

आम्ही काकूला त्यावर निजवलं, डोकं पानाच्या बाजूला. थोड्या वेळाने ती गेली. कवाडाची कड माझ्या हातात होती, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. दर वर्षसणाला ती हे कवाड एकटीच उतरवायची, अंगणात नेऊन धुवायची आणि एकटीच परत बसवायची. वजन तिला माहीत होतं.