चुडामणच्या पाठीतली गाठ

चोपड्याकडच्या गावांत विहीर खोदायची म्हटली की लोक चुडामणला बोलावत. १९३४ च्या उन्हाळ्यात तो केळीच्या एका मळ्यात चाळीस हात खोल उतरला होता. सुरुंगाची वात पेटवली, दोर धरला आणि खडकाला पाय लावत वर निघाला. पुरुषभर चढला असेल, तेवढ्यात पाय सुटले. घसरले नाहीत, नुसते लोंबले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. तो खाली आदळला. वात फुरफुरत दारूकडे चालली होती. कोपरांवर सरपटत जाऊन त्यानं ती उपटली. हात पोळला. वर दोर सांभाळणाऱ्या नथ्थूला त्यानं सांगितलं, पाय घसरला.

पाठ चार महिन्यांपासून दुखत होती. बायको भागाबाई निरगुडीचा शेक द्यायची, एका जाणत्यानं डागही दिले होते. आता तो सपाट वाटेवरही अडखळू लागला, तेव्हा नथ्थूनं गाडी जुंपली. नावेतून तापी ओलांडून तिघं जळगावला गेले.

तिथल्या डॉक्टरांनी आधी हाडाचा क्षय धरला. मग पाठीचा फोटो काढला आणि तो उजेडाकडे धरून पाहिला.

"भाऊ, हा क्षय नाही," ते म्हणाले. "मणक्यात गाठ आहे. ती हाड पोखरत पसरते आहे. अशी मी आजवर एकदाच पाहिली."

कापून काढता येईल का, असं चुडामणनं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मुंबईतही कुणी हात लावेल असं त्यांना वाटत नव्हतं. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

घरी आल्यावर भीतीनं त्याला गाठलं. सुरुंगाचं भय त्याला ठाऊक होतं. वात किती उरली ते डोळ्यांना दिसतं. इथं काहीच दिसत नव्हतं. म्हणून त्यानं स्वतःच एक माप काढलं. रोज सकाळी भागाबाईनं बाभळीचा काटा घेऊन अंगठ्यापासून वर वर टोचत जायचं, त्यानं आढ्याकडे बघत राहायचं, आणि जिथं कळेल तिथं तिनं कोळशानं रेघ ओढायची. पोळ्याला रेघ घोट्यावर होती. दसऱ्याला ती गुडघ्याच्या वर गेली. रेघ कुठं आली ते तो रोज विचारी आणि ती रोज खरं सांगे.

दिवाळीनंतर एका सकाळी तो आढ्याकडे बघत वाट पाहत राहिला.

"टोच ना वं," तो म्हणाला. "का थांबनी?"

त्यानं मान उचलून पाहिलं. काटा बेंबीजवळ होता आणि मांडीवर रक्ताचे चार-पाच ठिपके आले होते.

"आते नको टोचू," तो म्हणाला. "माले भेव वाटस."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं हे कुणाला सांगितलं होतं. भागाबाईनं काटा चुलीत टाकला आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. तिथं त्याला अजून कळत होतं. पुढं रोज सकाळी ती तशीच बसायची. तो आपली भीती बोलून दाखवायचा आणि ती ऐकायची. काही होणार नाही असं मात्र ती कधीच म्हणाली नाही. भीती शेवटपर्यंत गेली नाही. माघात त्याला श्वास पुरेना. दोन दिवस तो तिचं मनगट धरून होता, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची पकड सुटली.